चुकांची फेरी

सुलभाताईंचं नाव आधी घेतो. पुढचं सांगताना ते तोंडातून निघेल की नाही, माझा मलाच भरवसा नाही. रायपुरात मला माणसांत आणलं ते त्यांनी. आणि हे जे सांगतोय ते आजवर कोणाला सांगितलं नाही — बायकोलाही नाही.

मी हिंगणघाटकडचा. नववीत शाळा सुटली — म्हणजे मीच सोडली. छत्तीसगड नवंनवं झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, मामा इथे रेल्वेत होते, म्हणून आलो. सुलभाताईंचं समता कॉलनीत छोटं ऑफिस होतं. दवाखान्यांना आणि लॅबना त्या सॉफ्टवेअर करून देत. मी पेशंटची नावं टाइप करायला लागलो आणि त्यांनी मला डेटाबेस शिकवला. माहिती कशी ठेवायची, कशी काढायची, कशी बदलायची. मी अडखळलो की म्हणायच्या, "घाबरून काहून राहिला रे? कॉम्प्युटर काही चावत नाही."

दर महिन्याला तेलीबांध्याजवळच्या एका हॉलमध्ये डेटाबेसवाल्यांची बैठक भरायची. कोणी काय नवं शिकलं ते पडद्यावर दाखवायचं, मग समोसे. सुरुवातीला प्रत्येकानं उभं राहून नाव, कंपनी, कॉलेज सांगायचं. माझी पाळी जवळ आली तसा मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो आणि बाहेरच राहिलो. पुढच्या बैठकीत ताईंनी कॉलेज काढून टाकलं. "कॉलेज का क्या करना है भैया, काम बताओ," एवढंच म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

चुकांची फेरीही त्यांचीच. शेवटी खुर्च्या गोल करायच्या आणि प्रत्येकानं महिन्याभरातली आपली एक चूक सांगायची. कोणी हसायचं नाही, बाहेर बोलायचं नाही. भिलाईचे एक साहेब चिडवायचे, "दीदी, ये तो पंचायत हो गई." "हव, और सरपंच मैं!" — ताई. ती फेरी त्यांनी कोणासाठी काढली होती? मला तेव्हाही कळत होतं. तरी माझी पाळी आली की मी मान हलवून पुढच्याकडे बोट करायचो.

आता ती सकाळ. मी लांबण लावतोय, तेही कळतंय.

एका लॅबचा फोन आला. बाप आणि मुलगा, दोघांचा रक्तगट चुकीचा चढलाय, दोघांचाही बी पॉझिटिव्ह करा. आमच्या कामात असा बदल लिहिताना शेवटी अट टाकावी लागते — कोणत्या पेशंटचा. अट राहिली तर बदल सगळ्यांना लागतो. बापाचा बदल ताईंनी माझ्यासमोर केला. अट लिहिली, बोट ठेवून मला वाचून दाखवली, मग चालवला. तेवढ्यात दाराशी कोणी आलं. "थांब, मुलाचं येऊन पाहू," म्हणत त्या उठल्या.

मी थांबलो नाही. वाटलं, आपण करून दाखवावं. कॉम्प्युटर त्यांच्याच नावानं उघडा होता. मी लिहिलं, चालवलं — आणि लॅबमधला एकूण एक माणूस बी पॉझिटिव्ह झाला.

किती ओळी बदलल्या तो आकडा पडद्यावर आला. मी पाहिला. पडद्यावरची ती खिडकी बंद केली. ताई परत आल्या, मुलाची नोंद उघडली, ती आधीच बदललेली. "अरे, केलं वाटते म्या," म्हणाल्या आणि दुसऱ्या कामाला लागल्या. 

दुपारपर्यंत मी कोणाला काही सांगितलं नाही. तोवर एका गरोदर बाईच्या हातात चुकीचा रिपोर्ट गेला होता. तिच्या नवऱ्यानं जुना कागद काढून भांडण केलं, म्हणून निभावलं. माहितीची आदल्या दिवशीची प्रत चढवून ताईंनी सगळं जागेवर आणलं. लॅबचे डॉक्टर येऊन त्यांना वाट्टेल ते बोलून गेले.

पण मी रात्री दचकून उठतो ते यासाठी नाही.

डॉक्टर गेल्यावर ताई माझ्या शेजारी बसल्या. रागात नव्हत्या. हळूच विचारलं, "मी अट टाकली होती ना रे? तू बाजूलेच होता."

ताईंच्या आईनं शेवटच्या वर्षांत घरच्यांना ओळखलं नव्हतं. त्या हिवाळ्यात ताईंकडून एकदा गॅस चालू राहिला होता, तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. त्या नेमकं काय विचारत होत्या, मला ठाऊक नव्हतं का? होतं. पुरतं ठाऊक होतं.

मी म्हणालो, "नसेल टाकली, ताई. मले नाही दिसली."

"हव," त्या म्हणाल्या. आणि आपल्या हाताकडे बघत राहिल्या — जणू तो दुसऱ्याच कोणाचा हात.

पुढच्या बैठकीत फेरीमध्ये त्यांनी ते सगळं आपलं म्हणून सांगितलं. "मेरे ही हाथ से हुआ, और मुझे याद तक नहीं." भिलाईचे साहेबही खाली बघत होते. नंतर माझी पाळी. त्या दिवशी मी पहिल्यांदा बोललो — प्रिंटरची तार चुकीची जोडली होती, असलं काहीतरी. ताईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बोलला बाप्पा एकदाचा!" डोळे ओले होते त्यांचे. माझ्या कौतुकानं.

मग त्या प्रत्येक ओळ मला दाखवायला लागल्या. "पाह्य बरं, बरोबर हाय का?" मला! हळूहळू लिहिणंच सोडलं. ऑफिस बंद केलं आणि मुलीकडे भिलाईला गेल्या. जाण्याआधी माझ्यासाठी शब्द टाकून मला तेलीबांध्याच्या एका कंपनीत लावून दिलं.

आज नवा रायपूरमध्ये मोठ्या परिषदा होतात. चुकांची फेरी मी घेतो. नव्या पोरांना सांगतो, "घबराओ मत, यहाँ कोई नहीं हँसता." पोरं मला मानतात.

ताई आता सत्तरीपुढे. दिवाळीला फोन करतो. त्यांना सगळं आठवतं — कोणत्या बैठकीत प्रोजेक्टर बंद पडला, कोणी किती समोसे खाल्ले. काही झालं नव्हतं त्यांना. कधीच नाही. पण मुलगी सांगते, आई गॅस लावत नाही. "माह्या हाताचा भरवसा नाही," म्हणते. इतकी वर्षं झाली, चहासुद्धा दुसऱ्याच्या हातचा.

त्यांचं देणं मी एक दिवस फेडणार आहे. भिलाईला जाईन. खुर्च्या गोल करायला दोनच असल्या तरी चालतील. माझी पाळी अजून बाकी आहे. आमच्या बोलीत सांगेन — ताई, तुम्ही अट टाकली होती. म्या पाहिली होती.