दुसरा ड्राइव्ह काढल्यावर

धरमपेठेतल्या आमच्या ऑफिसात येणारा मेकॅनिक कॉम्प्युटरला "चाल गा, चाल" म्हणत गोंजारायचा. एकदा त्यानं बिघडलेला दुसरा फ्लॉपी ड्राइव्ह काढून नेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. बाईंनीच बिघडवला असं समजून साहेबांनी टायपिस्ट बाईंना सगळ्यांदेखत झापलं. बाई रडल्या.

दुपारी मेकॅनिकनं येऊन झाकण उघडलं आणि त्याचा चेहराच उतरला. किती ड्राइव्ह आहेत हे कॉम्प्युटरला सांगणारं आतलं छोटं बटण त्यानं ‘दोन’वरच ठेवलं होतं. ते ‘एक’वर सरकवताच कॉम्प्युटर सुरू झाला. गप्प राहिला असता तर कोणालाच कळलं नसतं. पण तो साहेबांकडे गेला.

"बाईले काहून बोलले साहेब? चूक माही होय."

"बरं, बरं."

"मले नाही, बाईले सांगा, चुकलो म्हणून."

साहेब उठले. बाईंसमोर दोघंही मान खाली घालून उभे राहिले.