बस्त्याव सरांचे शनिवार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कंपनीतल्या मित्रांना नाही. ईस्टरच्या आधी दरवर्षी पापनिवेदनाला जातो. फादरांना रागाचं सांगतो, आळसाचं सांगतो, आईशी तिरसटपणे बोललो तेही सांगतो – आणि हे सांगायची वेळ आली की उठतो. गोष्ट इतकी लहान आहे की ऐकणाऱ्याला हसू यावं. एक पासवर्ड बदलला, एवढंच. पण मग सांगवत का नाही?

सरांपासून सुरुवात करायला हवी. बस्त्याव सर आमच्या भुईगावच्या शाळेत पीटी शिकवायचे. चर्चसमोरच्या मैदानावर त्यांनी गावाच्या दोन पिढ्यांना फुटबॉल शिकवला. मी दम्याचा, काटकुळा, कुणीही आपल्या बाजूला घ्यायचं नाही असा मुलगा होतो. सरांनी मला उजव्या बाजूला बॅक म्हणून उभं केलं आणि तिथून हलू दिलं नाही. दहावीत असताना माझे वडील गेले. त्यानंतर महिनाभर सर रोज संध्याकाळी सायकलवरून आमच्या दारात यायचे, घंटी वाजवायचे आणि मला मैदानावर घेऊन जायचे. वडिलांबद्दल एक शब्द नाही. नुसतं खेळायला लावायचे. त्या महिन्यात मी कोलमडलो नाही, ते त्यांच्यामुळे – हे मला तेव्हाही कळत होतं.

हे सांगितलं, म्हणजे मी कुणाशी असं वागलो ते तुमच्या लक्षात यावं.

लग्नानंतर मी माणिकपूरला फ्लॅटमध्ये राहायला आलो. वसईतच एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी. गावाला जाणं सणावारापुरतं उरलं. सर निवृत्त झाले होते. शनिवार-रविवारी टीव्हीवर इंग्लंडच्या लीगचे सामने बघणं हा त्यांचा एकमेव शौक. मग गावातल्या केबलवाल्याने धंदा गुंडाळला. तारा माडांना लोंबकळत राहिल्या आणि सरांचा टीव्ही मुका झाला. कॅनडातल्या मुलाने, नेल्सनने, नवा टीव्ही पाठवला, घरात इंटरनेट घेऊन दिलं. पण त्यावर फुटबॉल कुठे लागतो, हे सरांना कोण सांगणार? त्यांनी मला फोन केला.

मी गेलो. मोठ्या उत्साहाने गेलो, हेही खरं. सगळं समजावून सांगितलं – इंग्लंडची लीग या ॲपवर, युरोपातला कप त्या दुसऱ्यावर, आपल्या देशातली लीग तिसऱ्याच ठिकाणी. सर म्हणाले, "एकच खेळ, तीन ठिकाणी कशाला ठेवलाय?" शेवटी त्यांना हवी होती ती इंग्लंडची लीग, आणि त्या ॲपवर माझं खातं होतंच. मी तेच त्यांच्या टीव्हीवर चालू करून दिलं. माझ्या खात्यावर एका वेळी एकाच पडद्यावर सामना दिसायचा. हे मला माहीत होतं. वाटलं, आपण कुठे एवढं बघतो.

काही महिने फार छान गेले. सामना संपला की सरांचा फोन. "गोल सोड रे. तो डावा बॅक पाहिलास? चेंडू कुठेच नव्हता, तेव्हा तो कुठे जाऊन उभा राहिला?" मी बहुतेक वेळा सामना पाहिलेलाच नसायचा. हो हो म्हणायचो. पण त्यांचा आवाज ऐकून बरं वाटायचं – तो मैदानावरचाच आवाज होता.

मग मी मोठा टीव्ही घेतला. आणि मोठा टीव्ही घेतला की माणसं बोलवावीशी वाटतात. विभागातले तिघे एका शनिवारी संध्याकाळी घरी आले. सामना सुरू झाला, दहा मिनिटं झाली, आणि पडदा काळा. त्यावर ओळ आली – तुमचं खातं दुसऱ्या टीव्हीवर सुरू आहे. मी परत लावला. परत गेला. तिकडे सरही पुन्हा पुन्हा लावत असणार. तिघांपैकी एकजण हसून म्हणाला, "कोणाला फुकट वाटतोयस रे?"

मी म्हणालो, "गावाकडचा एक म्हातारा आहे."

असंच म्हणालो. एक म्हातारा.

आणि सेटिंगमध्ये गेलो. इतर सगळ्या ठिकाणांहून बाहेर काढा, असा पर्याय असतो. तो दाबला. मग पासवर्ड बदलला. सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल. तेवढ्याच वेळात मला दोन पडद्यांचं खातं घेता आलं असतं. पैशांचा प्रश्न नव्हता, तेवढं मला सहज परवडत होतं. मग का नाही घेतलं? मी पुष्कळ शोधलं. कधीतरी सरांनी मला संघातून वगळलं होतं का, त्याचा राग मनात होता का, असंही आठवून पाहिलं. तसं काही नाही. सूड असता तर निदान त्याला काही कारण असतं. मला फक्त त्या क्षणी ते नको होते. माझ्या घरात, माझ्या पाहुण्यांसमोर, माझ्या पडद्यावर – मध्ये मध्ये येत होते.

पाच मिनिटांत सरांचा फोन आला. मी मोबाइल उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली रविवारची मिसा आटोपून मी फोन केला. थाप तयार होती – ॲपच्या कंपनीने नियम बदललेत, आता एकाच घरात चालतं वगैरे. पण मला बोलूच दिलं नाही त्यांनी.

"फिलिप, माझ्याकडून चूक झाली," सर म्हणाले. "काल पाणी घ्यायला उठलो, परत आलो तर रिमोटवरच बसलो. काहीतरी दाबलं गेलं. तेव्हापासून ते पासवर्ड मागतंय. तुझं काही बिघडलं नाही ना?"

आता सांगा – इथे माणसाने काय करावं? एक वाक्य पुरे होतं. नाही सर, तुम्ही नाही, मी केलं. चिडले असते, नसते. कदाचित हसलेही असते.

मी म्हणालो, "असू द्या सर. होतं असं. मी बघतो काय करता येतं ते."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. कळतंय का तुम्हाला? खोटं बोललो, ते एक. पण जी चूक माझी होती तिच्याबद्दल मी त्यांना – मोठ्या मनाने – माफ केलं. आणि ते म्हणाले, "थँक्यू बाळा."

हेच सांगायचं होतं. यापुढचं सगळं याच्याच मागून आलेलं आहे.

"बघतो" हा शब्द मी अख्खा सीझन पुरवला. दोन वेळा त्यांनी विचारलं. एकदा म्हणालो, कंपनीत तक्रार केलीय. दुसऱ्यांदा म्हणालो, एकदा बंद झालं की ते लवकर चालू करत नाहीत. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. शनिवारचे फोनही थांबले – बोलायला त्यांच्याकडे सामना कुठे होता? मला सुटल्यासारखं वाटलं.

नाताळात गावी गेलो तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर सरांच्या पत्नी भेटल्या. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या, आम्ही त्यांना बाईच म्हणतो. म्हणाल्या, "हे हल्ली कशालाच हात लावत नाहीत रे. नातवाशी बोलायचं तरी फोन मी लावून द्यायचा. आधी स्वतः करायचे. आता म्हणतात, नको, माझ्या हातात दिलं की बिघडतं."

फाटलेला फुटबॉल दाभण घेऊन स्वतः शिवणारा माणूस. सायकल पूर्ण सुटी करून परत जोडणारा.

मी बाईंना म्हणालो, "वय झालं की होतं असं."

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस आईने सांगितलं, सरांना दिसेनासं झालंय. भेटायला गेलो. सर आत झोपले होते. बाईंनी ओट्यावर बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं. काचबिंदू. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच बजावलं होतं की गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती किती टिकेल सांगता येत नाही. सरांनी ते कुणालाही कळवायचं नाही म्हणून बाईंना दम दिला होता. "गेल्या वर्षीपर्यंत समोरचं नीट दिसायचं," बाई म्हणाल्या. "टीव्ही लावून दिलास ना तू, तेव्हा म्हणाले होते, आहे तोवर बघून घेतो."

आहे तोवर. तो अख्खा सीझन होता त्यांच्याकडे. मला काही ठाऊक नव्हतं, असं म्हणता येईल. पण ठाऊक असतं तरच मी ते केलं नसतं, असं म्हणणं म्हणजे धडधाकट म्हाताऱ्याशी तसं वागलेलं चालतं, असंच ना?

तिथेच ओट्यावर बसून मी सरांच्या नावाने वेगळं खातं काढलं. बाईंनी आणलेला चहा अजून गरम होता. इतकंच काम होतं ते.

पुढच्या शनिवारी गेलो, टीव्हीवर ते चालू केलं. मनाशी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. तोंडातून आलं ते असं – "सर, कंपनीने शेवटी परवानगी दिली."

"मी बिघडवलेलं झालं का दुरुस्त?" सरांचा चेहरा उजळला. खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढून बसले. मान इकडून तिकडून वळवून पाहिली. मग म्हणाले, "हिरवं दिसतं. माणसं नजरेला लागत नाहीत." आणि थोड्या वेळाने – "तू सांग. मी ऐकतो."

मी सामना सांगायला लागलो. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, तरी तो मला उघडा पाडेल अशी भीती वाटत होती. त्यांना त्रास होऊ नये म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. खरं नाही ते. मी त्यांच्या नजरेतून उतरलो असतो, म्हणून गप्प राहिलो – आणि ती नजर उरलेलीच नव्हती.

तेव्हापासून बहुतेक शनिवारी जातो. याला प्रायश्चित्त समजू नका. मला तिथे आवडतं. बाई वाडीतली केळी ठेवतात, शेजारीपाजारी म्हणतात, पोटच्या पोराने केलं नसतं एवढं. मला ते ऐकायला आवडतं.

गेल्या महिन्यात नेल्सन कॅनडाहून आला होता. तोही आमच्याबरोबर सामना बघायला बसला. मध्यंतरात म्हणाला, "फिलिपदादा, तुम्ही पप्पांसाठी एवढं करता, मला तिकडे बसून काहीच करता येत नाही."

सर म्हणाले, "अरे, याचं खातं मी बिघडवलं होतं. वर्षभर खेटे घातले असतील त्याने. मला एका शब्दाने बोलला नाही."

नेल्सनने माझा हात दोन्ही हातांत धरला. बाई दारात उभ्या होत्या, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी सरांकडे पाहिलं. ते हसत होते, मी बसतो त्या बाजूला तोंड करून, जरासं चुकलेल्या दिशेने.

मी हात सोडवून घेतला नाही. मान खाली घातली, आणि त्या सगळ्यांना तो माझा विनय वाटला. मग दुसरा हाफ सुरू झाला आणि मी सांगायला लागलो – सर, आता आपली बाजू डावीकडून उजवीकडे खेळते आहे.