हात पडला की गाडी सुटते

बेळगाव स्टेशनवर माझं सामान चार नग होतं: ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या आणि आईनं बांधून दिलेली भाकरी-चटणी. लग्न होऊन मी बंगळूरला निघाले होते. आई रडत होती, नवरा तिकिटं चाचपत होता, मी नग मोजत होते. धाकटा भाऊ दत्तू फलाटाच्या टोकाला उभा होता. तिथून तो ओरडला, "अक्का, हात पडला!" सिग्नलचा हात खाली आला की गाडी सुटते. सुटली.

आम्हा दोघांचं लहानपण स्टेशनामागच्या दगडी कठड्यावर गेलं. इंजिनाचा नंबर मी वाचायचा, सिग्नल दत्तूनं सांभाळायचा, अशी वाटणी होती. वडिलांचा, अण्णांचा, एकच नियम होता: "दिवेलागणीला घरात." तो आम्ही कधी मोडला नाही.

बसवनगुडीत दोन खोल्यांत संसार लावला. माझं बेळगावी कन्नड ऐकून भाजीवाली हसायची आणि "सरी, सरी" म्हणत हवं ते देऊन टाकायची. रविवारी मी नवऱ्याला स्टेशनवर ओढून न्यायचे. त्याला रस गाड्यांत नव्हता, शेंगांत होता.

काही वर्षांनी दत्तू रेल्वेत फायरमनच्या, इंजिनात कोळसा टाकणाऱ्याच्या, भरतीसाठी आला. आधी फायरमन, मग ड्रायव्हर; दुसरं काही त्याला व्हायचंच नव्हतं. आदल्या दिवशी मी त्याला के. आर. पुरमला नेऊन आमच्याकडच्याहून रुंद रुळांवरची गाडी दाखवली. "अक्का, हे तर आपल्या इंजिनाचा सासरा!" तो म्हणाला.

लेखी झाली, धावणं झालं. शेवटी डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं.

"यातला आकडा वाच."

"कुठला आकडा?"

दाराजवळच्या बाकावरून मला तो आकडा स्पष्ट दिसत होता.

"लहानपणापासून सिग्नल बघतोस म्हणालास ना?"

"हात बघतो, साहेब. हात आडवा, थांब. हात खाली, जा."

"आणि रात्री?"

दत्तूनं माझ्याकडे पाहिलं. रात्री आम्ही कधी गेलोच नव्हतो.

आई कौतुकानं सांगायची, "माझा दत्तू दाबून बघितल्याशिवाय टोमॅटो घेत नाही." आम्हाला तो चोखंदळपणा वाटायचा.

रंगांच्या तपासणीत दत्तू नापास झाल्याचं मी अण्णांना कळवलं. उलट टपाली कार्ड आलं: "इतकी वर्षं कठड्यावर बसून तो बघत काय होता?" दत्तूनं ते दोनदा वाचलं आणि पिशवी भरली.

संध्याकाळची गाडी होती. अंधारून आलं होतं. सिग्नलचा हात दिसत नव्हता, नुसता दिवा. दत्तू डब्यात खिडकीशी बसला होता, मी फलाटावर.

"अक्का, मिळाला का गं?"

"काय?"

"सिग्नल. तू सांग."

"हिरवा झाला," मी म्हटलं. गाडी सुटली.

आता तो बेळगावात पिठाची गिरणी चालवतो. स्टेशनकडे फिरकत नाही. संध्याकाळी गाडीची शिट्टी ऐकू आली की गिरणी सुरू करतो, दळण असो वा नसो.

माहेरी उतरले की मी आधी नग मोजते, मग फलाटाच्या टोकाकडे बघते. तिथे कुणी नसतं. बेळगावचे विचारतात, बंगळूरच आता घर ना? बंगळूरचे विचारतात, अजून बेळगावच का? दोन्ही नाही. माझं घर म्हणजे तो कठडा, दिवेलागणीच्या आधीचा.