कॅमेऱ्यातला एक तास

ती घटना आठवली की आजही माझे डोके फिरते. एप्रिल महिना होता. सिल्व्हर पार्कच्या एका सोसायटीत एकटी राहणारी वृद्ध बाई गळा आवळून मारलेली सापडली. अंगावरचे सोने गेले होते. अकराला ती मुलीशी फोनवर बोलली होती आणि बाराला शेजारणीला दार उघडे दिसले. म्हणजे खून त्या तासातला.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी आपणहून खबर दिली. "साहेब, कॅमेऱ्यात मासेवाली दिसतेय. अकरा-पाचला वर गेली, अकरा-वीसला खाली आली. त्या तासात जिन्यावर दुसरं कोणीच नाही."

तपास अधिकारी म्हणून मी अकरा ते बाराचे चित्रण काढून घेतले आणि पंचनामा केला. 'यंत्रातील वेळ प्रत्यक्ष वेळेशी पडताळली' हे वाक्य आमच्याकडे आधीच टाईप केलेले असे. पडताळले कोणीच नव्हते. मी सही ठोकली.

मासेवाली चौक गावची, पन्नाशीची विधवा. वरिष्ठांना संध्याकाळच्या आत अटक हवी होती, ती मी केली. पोलीस कोठडी मिळाली. महिला शिपायासमोर रोज चौकशी चाले.

"मी धाला जिना चढले साहेब. आजीनं बोंबील घेतलं, मी उतरले."

"कॅमेरा अकरा सांगतोय."

"मंग त्यालाच इचारा."

मी टेबलावर हात आपटला. "मावशी, कॅमेऱ्याचं तुझ्याशी काय वैर आहे?"

"वैर न्हाय. पर त्यानं कवा मासळी इकलीय?"

नवव्या दिवशी मी चित्रणच तिच्यासमोर ठेवले. तिने पडद्यावर बोट टेकवले. "ही पाटी बगा. भरलेली हाय, वर बरफ हाय. अकराला माज्या पाटीत काय उरतं? तुमच्यासारकी मान्सं भाव पाडून नेतात तेवडंच."

शिपाई म्हणून भरती झालो तेव्हापासून मी मासळी उशिराच घेत आलोय, कारण अकरानंतर भाव उतरतो आणि पाटीचा तळ दिसतो. हे मला पहिल्या दिवशी दिसायला हवे होते. तसाच सोसायटीत गेलो. माझ्या घड्याळात चार, पडद्यावर पाच.

कॅमेरे बसवणाऱ्याला बोलावले. "साब, जनवरी में मैंने हाथ से टाइम मिलाया था, एकदम बरोबर था." त्याने यंत्रात भारताऐवजी युरोपातले शहर निवडलेले राहू दिले होते. तिकडे मार्चअखेर घड्याळे तासभर पुढे करतात, म्हणून हे यंत्रही आपोआप पुढे गेले. म्हणजे मासेवाली खरेच दहाला आली होती, आणि खुनाचा तास यंत्राच्या हिशेबाने बारा ते एक होता. तो आम्ही काढून घेतलाच नव्हता. यंत्र आठ दिवसांचेच चित्रण ठेवते. मी जाण्याच्या आदल्याच दिवशी त्या तासावर नवे चित्रण चढले होते.

पुरावा नसल्याचा अहवाल दिल्यावर ती सुटली. खुनी सापडला नाही, सोनेही नाही. खात्याच्या चौकशीत माझी वेतनवाढ थांबली. ज्यांना संध्याकाळच्या आत अटक हवी होती, त्यांचे नाव एकाही कागदावर आले नाही. तो राग अजून गेलेला नाही. पण सही माझी होती, हेही खरे. पुढे प्रत्येक ठिकाणी मी आधी पडदा आणि मनगटावरचे घड्याळ शेजारी धरून फोटो काढायला लावला. संशयिताला दहा वेळा खोदून विचारणाऱ्या माणसाने यंत्राला एकदा तरी विचारावे, एवढे शिकलो.

महिन्याभराने ती पाटी घेऊन त्या सोसायटीच्या गेटवर आली. वॉचमनने आत सोडले नाही. हे कळताच मी सेक्रेटरींना फोन करून खडसावले.

ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही सोडलंत साहेब. पण मग केलं कोणी, तेवढं सांगा."

खुनी ज्यात दिसला असता तो तास मीच पुसू दिला होता.