कागदी ग्लास

आमच्या कचेरीतला शिपाई आल्यागेल्या सगळ्यांना पाणी देतो, पण सारख्या ग्लासात देत नाही. बहुतेकांना स्टीलचा ग्लास मिळतो. एखाद्यालाच कागदी, आणि तो ठेवता ठेवता टेबलावरचा पेपरवेट आणि फायली शिवायचं दाभण तो उचलून खिशात घालतो.

एकदा मी विचारलं, "भाऊ, हे काहून?"

"वरडणाऱ्याचं भेव नाही, बाबूजी. तो वरडते अन् घरी जाते," फडक्याने टेबल पुसत तो म्हणाला. "रोज वरडणारा आज चुप बसून राहिला, तर त्याच्यावर ध्यान ठेवा लागते."

दिघोरीचे एक गृहस्थ शेताच्या मोजणीसाठी वर्षभर खेटे घालून भांडत होते. ज्या दिवशी ते नुसतेच बसून राहिले, त्या दिवशी यानं त्यांना कागदी ग्लास दिला, शेजारी बसून धानाची चौकशी केली आणि हात धरून बाहेर नेलं. पायरीवर ते रडले. मला मात्र शिपायाची ही सगळी काळजी जरा जास्तच वाटली.

गेल्या सोमवारी साहेबांनी सगळ्यांसमोर माझी फाईल तिसऱ्यांदा जमिनीवर फेकली. एरवी मी उलट बोलतो. त्या दिवशी मी गुपचूप कागद गोळा केले आणि जागेवर येऊन बसलो.

तो आला. माझ्याकडे न पाहता त्याने माझी बोटं एकेक करून उघडली आणि दाभण काढून घेतलं. ते माझ्या मुठीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

"उद्या आणून देतो, बाबूजी."

मग त्याने पाणी ठेवलं. ग्लास कागदी होता.