इलाहीमामूची खाडीची बाटली

आमचा इलाहीमामू मलकापुरात कॉलेजच्या लॅबमधी शिपाई व्हता, एकवीस वर्सं. काम झालेल्या बुरशीच्या बशा तांबड्या बादलीत यायच्या. त्या मोठ्या कुकरात उकळायच्या आन् फेकायच्या. बादली तांबडी म्हंजी कुकरला, पांढरी म्हंजी जपून ठेवायची, इचारायचं न्हाई.

त्या शुक्रवारी मामूनं नमाजाच्या घाईत फ्रिजातली तांबडी बादली बी कुकरला लावली. परत आला तर बुरशीवर शोध करणाऱ्या पद्मा मॅडम फ्रिज उघडून हुब्या.

"मामू, इथली बादली? माझ्या सहा बशा होत्या त्यात. पांढरी बादली सापडेना म्हणून मी तांबडीत ठेवलेल्या."

मामूनं कुकरकडं बघितलं. पांढरी त्येनंच धुवून उन्हात पालथी घातलेली.

त्या बशा साध्या न्हवत्या. कोकणातल्या खाडीतनं, खारफुटीच्या मुळीवरनं मॅडमनी एक काळपट बुरशी धरलेली. ती अंगातनं कसला तर रस सोडायची. शेजारी द्राक्षाच्या करपा रोगाची बुरशी लावली तर ती जवळ यायचीच न्हाई, मधी नखाएवढी पट्टी कोरी. दोन वर्सांचं काम, सगळं शिजलं.

"मुळी पण संपली," मॅडम म्हणाल्या. रागावल्या न्हाईत, त्येच मामूला लय लागलं.

आन् त्येला बाटली आठवली. खाडीवर मामू बी गेलेला. नात नूरीन म्हणलेली, दादा, मला समुद्र आण. त्येनं खाडीचं पाणी बाटलीत भरलं, आत त्याच मुळीचा तुकडा टाकला, पोरीला दिलं.

स्कूटर घराच्या दारात टाकून मामू आत. शकिलामामी मोरी घासत व्हती.

"ती बाटली कुठाय?"

"तुमचा समुद्र व्हय? आवं गटार हाय ते, घर नासलं वासानं. आत्ताच वतला."

"फिनेल टाकलंस?"

"टाकतेच की आता."

"थांब."

मामू मोरीच्या जाळीपाशी बसला. केस, भाताची शितं, आन् करंगळीएवढी मुळी. डब्यात घालून तसाच माघारी पळाला.

पंधरा दिस गेले. मॅडमनी मुळीतनं बुरशी वाढवली, करप्याशेजारी लावली. सोळाव्या दिशी मामूनं बशी उजेडाला धरली. पट्टी व्हती. अर्ध्या नखाची, पर व्हती.

"पुरे आहे मामू," मॅडम म्हणाल्या.

औंदा मामू गेला. चा पीत बसलेला, बसल्या जागीच. मॅडम घरी आल्या, मोबाईलवर मामीला फोटो दाखवला. फ्रिजात त्या बुरशीची काचेची नळी, वर मामूच्या अक्षरात चिठ्ठी. मामीला वाचता येत न्हाई, नूरीननं वाचली.

"हे कुकरला न्हाई. इलाही."

मामीनं मोबाईल जवळ घेऊन बघितला. मग म्हणाली, "मी वतलं व्हतं, त्ये न्हाई लिवलं व्हय त्येंनी?"