दीपगृहाचं बंद दार

माझ्या मावसभावाचा या जगातल्या एकाही वस्तूवर विश्वास नाही. पायपुसणं दिसलं की त्याखाली किल्ली असणार, तसबीर दिसली की तिच्यामागे तिजोरी असणार आणि कोपऱ्यात कुणी उगाच उभा असेल, तर तो उगाच नसणारच. साक्रीला याच्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा पोहे बाहेर येईपर्यंत यानं त्यांच्या बैठकीतला गणपती भिंतीवरून उतरवून मागे डोकावून पाहिलं होतं. मुलीच्या वडिलांना वाटलं, पाहुणे ओल तपासतात. त्यांनी घाईघाईनं सांगून टाकलं की दिवाळीला रंग काढणारच आहोत. हा माझ्या कानाशी लागला, "न विचारता खुलासा केला. काहीतरी आहे." ते स्थळ अर्थातच बारगळलं.

याचं मूळ आहे दीपनगरच्या क्वार्टरमधल्या कॉम्प्युटरमध्ये. वीज केंद्रात नोकरीला असलेल्या आबांनी, म्हणजे याच्या वडिलांनी, तो मुलाच्या अभ्यासासाठी आणला आणि त्यावर एका खेळाची सीडी सोडून काहीच चाललं नाही. खेळात ना बंदूक, ना गाडी. पडद्यावर एक खोली यायची. माउसचा बाण फिरवून दिसेल त्यावर टिचकी मारायची, सापडेल ते पिशवीत टाकायचं आणि भेटेल त्या माणसाला सगळे प्रश्न विचारायचे. तो तेच ते वाक्य बोलायला लागला, की समजायचं, याला योग्य वस्तू दाखवायची राहिली आहे. ती दाखवली की तो नवीन बोलणार. सुट्टीत मीही तिथेच असायचे. आबाही कामाच्या पाळीवरून आले की आमच्यात बसायचे. माउसच्या पोटातली रबरी गोळी काढून बनियनला पुसायची, हे काम त्यांचं. पण शेवटी एक दीपगृह होतं, त्याचं दार काही उघडलं नाही. आम्ही त्याला दोरी लावली, मासा लावला, बिचाऱ्या म्हाताऱ्या कोळ्याची टोपीसुद्धा लावली. मग कॉम्प्युटरच बंद पडला. त्याचं उत्तर आता मोबाइलवर मिळेल, असं मी एकदा म्हटलं, तर हा म्हणाला, "लिहिणारा कोण, ते माहीत आहे का तुला?"

खेळ गेला, सवयी राहिल्या. आजही याच्या खिशात सुतळी, बिनकुलपाची किल्ली, चष्म्याची एक दांडी असा ऐवज असतो. जळगावच्या बाजारात केळीवाल्याला यानं घड कुठला, कधी उतरवला, कुणी उतरवला, असं इतकं विचारलं की तो शेवटी आपल्या अहिराणीत शांतपणे म्हणाला, "भाऊ, केळं लेवानं शे का मनी चौकशी करानी शे?"

आबा निवृत्त होऊन जळगावात मेहरूणला याच्याकडे आले आणि दोन वर्षांपासून विसरायला लागले. आधी नावं गेली, मग माणसं. पोराला ओळखेनात. आता दिवसभर वीज केंद्रातल्या आपल्या पाळीबद्दल एकच विचारतात, "आज मनी कोणती पाळी शे?" डॉक्टरांनी सांगितलं, याहून वेगळं काही ऐकायची आशा धरू नका. याचा डॉक्टरांवरही विश्वास नाही. हा रोज आबांसमोर बसून खिशातली, घरातली एकेक वस्तू त्यांच्या हातावर ठेवायला लागला. हेल्मेटचा पट्टा झाला, जुना डबा झाला, मावशीच्या बांगडीचा तुकडा झाला. आबा वस्तू परत द्यायचे आणि पाळी विचारायचे. मला तर वाटलं, आबांच्या आधी यालाच तपासून घ्यावं. तसं मी बोलूनही दाखवलं.

मागच्या रविवारी मी तिथेच होते. यानं माळ्यावरचा जुना माउस उघडला, त्यातली गोळी काढली आणि आबांच्या तळहातावर ठेवली. आबांनी ती बराच वेळ पाहिली. मग बनियनचं टोक धरून सावकाश पुसली, उजेडात धरून पुन्हा पुसली आणि वर न बघताच विचारलं, "दार उघडनं का रे?"

जगातल्या कशावरही विश्वास न ठेवणारा हा माझा भाऊ खाली मान घालून म्हणाला, "नही, आबा. तुमनीच वाट देखी ऱ्हायनू."

आबांनी मान डोलावली. संध्याकाळी पुन्हा पाळी विचारलीच. पण तेव्हाही गोळी त्यांच्या मुठीत होती, आणि ती परत मागायची हिंमत आमच्यात कुणालाच झाली नाही.